पाय जोड, सेथ

वीव्हर्स आर्म्स, ब्लॅकशॉ ब्रिज, लँकेशर
४ सप्टेंबर १९५४

चि. हेटीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझी ॲनीवहिनी ठीक, तिचा गुडघा ठीक नाही. तो आधी कळव असं तिने बजावलं होतं, म्हणून आधी कळवला.

आता बातमी. रस्त्यापलीकडचा बुल पब रिकामा होता, तो आपल्या बिअर-कारखान्याने, ब्रुअरीने, क्लेम हार्गेटला दिला. हो, थॉर्नकर संघाचा क्लेम. फुटबॉल कपच्या उपांत्य सामन्यात ज्याचा घरंगळत आलेला चेंडू माझ्या पायांमधून गेला, तोच. ब्रुअरीवाल्यांना जुने खेळाडू लागतातच. बूट टांगले की हातात बिअरचा पंप देतात. पण गोल करणारा आणि गोल खाणारा समोरासमोर बसवायचे, ही कुणाची अक्कल?

इथे रोज काय चालतं ते तुला ठाऊक आहे. नाणं पडलं, कांदा घरंगळला, की म्हातारा इझ्रा सुरुवात करतो आणि सगळा पब ओरडतो, पाय जोड, सेथ! मी हसतो, ते पितात. आता त्यांना प्रत्यक्ष गोल करणारा मिळेल, मग माझ्याकडे कोण येतंय? गिऱ्हाईक गेलं की पब गेला, आणि पब गेला की वरच्या राहत्या खोल्याही गेल्या. ॲनीच्या भावाचं मोरकंबला भाजीचं दुकान आहे, त्याला माणूस हवा आहे. जावं म्हणतो. तुझं मत कळव.

लेनर्डना नमस्कार.

तुझा दादा,
सेथ


वर्दिंग
८ सप्टेंबर १९५४

ती. दादास,
हेटीचा साष्टांग नमस्कार.

मोरकंबला जाऊन कोबी विकणार? कोबी गोल असतो, दादा. नीट विचार कर.

लेनर्ड म्हणतात, ब्रुअरीला पत्र लिहून तक्रार करावी. ते कशावरही तक्रारीचं पत्र लिहितात. परवा समुद्राबद्दल नगरपालिकेला लिहिलं.

त्या दिवशी मी गोलच्या मागेच उभी होते, हे तू विसरतोस. चेंडू गेल्यावर तू मागे वळून जाळीकडे असं बघितलंस, जणू कुणीतरी तुला हाक मारली होती. ते तोंड मला अजून दिसतं. म्हणून विचारते, खरं सांग. इतकी वर्षं तू त्यांच्याबरोबर हसत होतास, की नुसतं तोंड उघडत होतास? नुसतं तोंड उघडत असशील तर खुशाल जा मोरकंबला, मी चकार शब्द काढणार नाही. पण आधी बुल उघडू दे.

वहिनीच्या गुडघ्याला हंसाची चरबी चोळ. तूच चोळ, तिला वाकता येत नाही.

माया आहेच, ती पत्राने वाढवावी.

तुझी,
हेटी


ब्लॅकशॉ ब्रिज
२१ सप्टेंबर १९५४

चि. हेटीस,
अनेक आशीर्वाद.

चरबी चोळली. आता मांजर तुझ्या वहिनीच्या मागे फिरतं.

शनिवारी बुल उघडला. आमच्याकडे आले फक्त मिस्टर पिकप, आणि तेही बहिरे, त्यांना बातमी पोचली नव्हती. समोरून हसण्याचे आवाज येत होते. मी पुसलेले ग्लास पुन्हा पुसले. रविवारीही तसंच. ॲनीने न सांगता मोरकंबसाठी माळ्यावरची ट्रंक खाली काढली.

सोमवारी इझ्रा आला. बिअरची पिंट मागितली. मग म्हणाला, क्लेम माणूस भला आहे, पण त्याच्याशी बोलायचं काय? तो गोल सांगतो. त्याच्या सांगण्यात चेंडू आता मैदानाच्या मध्यावरून निघतो आणि वाराही उलटा असतो. गोल केलेल्या माणसाला काय म्हणणार, वा म्हणायचं. किती वेळा वा म्हणायचं? मान दुखते, तहान लागत नाही. त्याच्या मागून एकेक करून बाकीचेही आले.

तेवढ्यात माझ्या हातून लोणच्यातला कांदा निसटला. पब दणाणला.

तू विचारलंस म्हणून सांगतो, हसलो. खरं की नुसतं, ते मलाच कळलं नाही. ट्रंक अजून जिन्यात आहे, रोज पायाला लागते. क्लेम इकडे फिरकला नाही, मी तिकडे गेलो नाही. ॲनी म्हणते, दोन म्हातारे बोकड.

तुझा दादा,
सेथ


ब्लॅकशॉ ब्रिज
१५ ऑक्टोबर १९५४

चि. हेटीस,
अनेक आशीर्वाद. हे पत्र वाचून जाळ.

काल दुपारी पब बंद असताना मागच्या दारावर थाप पडली. क्लेम. डोक्यावर केस नाहीत, कवळी खिशात, कोटाखाली चेंडू. म्हणाला, थॉर्नकरमध्ये सगळे म्हणायचे, गोली बावळट होता म्हणून गोल झाला. बायकोसुद्धा तेच म्हणते. आता तुझी गिऱ्हाइकंही म्हणतात. मी जोरात मारला होता, सेथ. एवढं एकदा तू तरी सांग. मी म्हटलं, घरंगळत आला होता. तो म्हणाला, मग उभा राहा.

मागच्या अंगणात पिंपं सरकवली. कोळशाच्या खोलीचं दार म्हणजे गोल. त्याने कोट काढून घडी घातली आणि मारला.

मी पाय जोडले, अंग खाली टाकलं. चेंडू छातीशी होता, हेटी.

उठता मात्र येईना. मला उठवायला वाकला तो क्लेमही बसला. ॲनीने येऊन दोघांना कॉलरला धरून उभं केलं. क्लेमने तिला सांगितलं, याने अडवला. ती आत गेली आणि जिन्यातली ट्रंक एकटीने माळ्यावर चढवली, गुडघ्यासकट.

क्लेम म्हणाला, आज रात्री सगळ्यांना सांगतो. मी म्हटलं, वेडा आहेस का? मग माझ्याकडे येऊन लोक काय ओरडतील? त्याने विचारलं, मग मला काय? म्हटलं, तुझं मी सांगतो.

सांगितलं. क्लेमचा फटका जबरदस्त होता, दिसलाच नाही, म्हटलं. इझ्रा म्हणाला, आता असंच म्हणणार. आणि सगळे ओरडले. मी हसलो. या वेळी कळलं.

तुझा दादा,
सेथ


वर्दिंग
१९ ऑक्टोबर १९५४

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

मोरकंबचे कोबी वाचले.

पत्र जाळलं. लेनर्डना वाचून दाखवलं नाही. स्वयंपाकघराचं दार लावलं आणि टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी गोलच्या मागे उभी होते, वाजवायच्या राहून गेल्या होत्या. लेनर्डनी बाहेरून विचारलं, काय झालं? म्हटलं, माशी होती. बराच वेळ होती.

वहिनीला ट्रंका उचलू देऊ नकोस.

आहे तसाच राहा, आणि पाय जोडून राहा.

तुझी,
हेटी