जॉर्जियातला मका आणि अल ऐनमधला राखणदार

तीर्थस्वरूप अण्णांना अल ऐनहून विजयकुमारचा साष्टांग नमस्कार. (गुडघे ऐकत नाहीत, म्हणून खुर्चीत बसूनच केला आहे, गोड मानून घ्यावा.) तुमची साखर आटोक्यात आहे ना? वहिनींच्या खांद्याचं दुखणं कमी झालं का? इकडे सगळे खुशाल, मी सोडून.

आमच्या चिरंजीवांनी, शार्दूलने, जॉर्जिया देशात नदीकाठच्या एका खेड्यात घर आणि मागचं वावर कराराने घेतलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (इथे आखाती वाळवंटात अंगणात अळू लावला, तर तो दुपारपर्यंत जागेवरच शिजतो.) शेजारचा गिवी नावाचा म्हातारा तिथे आपल्यासाठी वाट्याने मका करतो, आणि मी इथे एसीत बसून खांबावरच्या कॅमेऱ्यातून राखण करतो. कॅमेऱ्यातून बोलायचीही सोय आहे. मका कमरेला लागला आणि त्यात डुकरं शिरली, तीही गिवीचीच. पहिल्या दिवशी मी "हाड" म्हणताच अशी पळाली, की वाटलं, चला, आपण अजून कामाचे आहोत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नुसत्या माना वर केल्या. मग हिंदीत दटावलं, "यल्ला, खलास" म्हणून अरबीत हाकललं. आपली नात मिहिका म्हणते, "आजोबा, दे आर जॉर्जियन." आता तर माझा आवाज आला, की सगळ्या वावरातून गोळा होऊन खांबाखाली येतात. एक डुकरीण पिलांसकट आडवी होते, जणू मी कीर्तनाला उभा आहे. गिवीला मी नाही नाही ते बोलतो. तो छातीवर हात ठेवून कॅमेऱ्यासमोर येतो, वाइनचा ग्लास उंचावतो, त्याच्या भाषेत माझ्यासाठी लांबलचक भाषण करतो, पितो आणि जातो. अशा माणसावर राग धरायचा तरी कसा?

शार्दूलने स्पष्ट सांगितलंय, मका गेला तर करार सोडायचा. त्याचं चूक नाही. पण अण्णा, मग सकाळी उठून मी काय करू? मॉलमध्ये एसी खात फेऱ्या मारू? अर्धं पीक आडवं झालंय. घास घशाखाली उतरत नाही.

आपला,
विजयकुमार

ता. क. : तुमच्या एका हाकेसरशी गावातले उधळलेले बैल जागच्या जागी थांबायचे. तसली एक हाक मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. खरं म्हणजे त्यासाठीच हे पत्र. (साखरेची चौकशीही मनापासूनच होती.)

अण्णा, फोटो काढून तुम्हाला पाठवायला पत्र माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली उरलेल्या जागेत शोभना लिहिते. वादळात तो खांब फिरला. हे राखतात ते गिवीचं स्वतःचं शेत आहे, डुकरांसाठीच पेरलेलं. आपला मका कॅमेऱ्याच्या पाठीमागे डोक्याच्या वर गेलाय, कणसंही भरलीत. शार्दूल कॅमेरा सरळ करून घेणार होता, मीच नको म्हटलं. पिकाला धोका नाही हे कळलं, तर हे पुन्हा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतील. आता पहाटे उठतात, भांडभांड भांडतात आणि घास उतरत नाही म्हणत तीन चपात्या खातात. कराराचं मी बघते. तुम्ही हाक पाठवा, पण जरा बेतानेच मारा. डुकरं खरंच पळाली, तर यांचं कसं व्हायचं?