पोरीला जगवणारी वार

आई,

तुझा फोन घरीच राहिलाय आणि मला लगेच दवाखान्यात परत जायचंय, म्हणून लिहून ठेवतोय. विजयश्रीचं बीपी फार वाढलं, त्यामुळे सिझर करावं लागलं. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढीच आहे, पण रडली जोरात.

डॉक्टरीणबाईंनी मला वार दाखवली, पोटात बाळाला नाळेतून पोसते ती. रक्त नीट न पोचल्यामुळे ती जागोजागी पांढरी पडली होती. त्या म्हणाल्या, "बाळाची थायरॉइड ग्रंथी कामाला लागेपर्यंत आईचं हार्मोन हिच्यातूनच बाळाला पोचतं. पुढेही पोचत राहतं." एवढी खराब झालेली वार, तरी शेवटपर्यंत पोरीला देतच राहिली! माझे हात आपोआप जोडले गेले.

विजयश्रीच्या त्या थायरॉइडच्या गोळ्या उगाच नव्हत्या गं. फ्रीजवरची बाटली घेऊन ये, गोळी अजून चालूच ठेवायचीय. पुनावळ्याच्या चौकातून संत तुकाराम नगरच्या दवाखान्यापर्यंत रिक्षा मिळेल.

तिचं बीपी अजून उतरलेलं नाही. ग्लानीतून जागी झाल्यावर तिनं पहिलं विचारलं, "आईंनी बघितलं का हिला?"

मी "निघाल्यात" म्हणून सांगितलंय.

निरंजन