जावयाच्या गाडीत

प्रिय नालोंगो,

तुझी दोन्ही पोरं बरी आहेत. हे आधी वाच, मग पुढचं. काटोच्या घशाची सूज उतरली आणि बाबिरये आत्ता माझ्या चपलेत माती भरते आहे. फोनवर बोललो असतो, पण फोन तुझ्या नवऱ्याचा, आणि मी बोलत असलो की तो शेजारीच उभा असतो. म्हणून हे पाकीट शेजारच्या नाबुकीराच्या पुतणीकडे देतो आहे. ती तुझ्याच शहरात कामाला निघाली आहे. ती विसरली तर, वाटेत हरवलं तर, या काळजीने दोनदा लिहून काढलं. तुझी मालकीण जेवायला वेळेवर देते ना? तिची मुलं सांभाळताना उन्हात फार उभी राहू नकोस.

तू पाठवलेल्या खेळण्यातल्या लाल गाड्यांचं सांगतो. जुळ्यांत एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही असं चालत नाही, म्हणून तू दोन सारख्या पाठवल्यास. तुझं काही चुकलं नाही. बाबिरयेने आपल्या गाडीचं चाक दातांनी उपटलं, मग काटोलाही आपलं उपटायलाच हवं होतं. तिने थुंकून टाकलं. त्याने गिळलं. चाकावरचं रबर घशात अडकलं आणि पोर शिट्टी वाजल्यासारखा श्वास घेऊ लागलं.

तुझ्या आईने त्याला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या. रबर निघेना. मग तिने त्याला मांडीवर असं काही तिरकं धरलं की थोडी हवा जाऊ लागली. मी घ्यायला गेलो तर तो निळा पडला. परत तिच्याकडे दिला तर शिट्टी सुरू. म्हणजे दवाखान्यात त्याला तिनेच न्यायचं होतं, आणि अंगणात गाडी होती ती फक्त तुझ्या नवऱ्याची, सालोंगोची.

तुला ठाऊकच आहे, तो आला की तुझी आई स्वयंपाकघराच्या मागे जाते, बोलायचं झालं तर दाराआडून. सासू-जावयाने एका बाकावरसुद्धा बसू नये, मग एका गाडीत कसं? माझ्या चुलत्याने एकदा घाईत सासूच्या हातून पाण्याचा तांब्या घेतला होता. मरेपर्यंत त्याचे हात थरथरत राहिले, त्याला दुसऱ्याने भरवावं लागे. सासू-जावई एकमेकांना शिवले की जडतो तो ओबुको म्हणतात, तो हाच. सालोंगोने किल्ली हातात घेतली होती, पण तो हलेना. तुझी आईही हलेना. मीच पलंगावरची चादर ओढून आणली, तिला मागे बसवलं, बाबिरयेला काखेत मारलं, कारण एकाला नेऊन दुसरीला मागे ठेवायची नसते, आणि तिच्या शेजारी बसून पुढच्या-मागच्या बाकांच्या मध्ये चादर दोन्ही हातांनी ताणून धरली.

कुंपणावरून नाबुकीराने विचारलं, सासू-जावयाची वरात कुठे निघाली म्हणून. तिला काय ठाऊक. पुढे सगळा रस्ता तांबड्या मातीचा, खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला चादर सुटायची, बाबिरये ती ओढून लपंडाव खेळायची, मी पुन्हा धरायचो. सालोंगोने समोरचा आरसा छताकडे वळवला होता, मागचं काही न बघता तो गाडी हाकत होता. मध्येच शिट्टी थांबली. तुझी आई अगदी हळू म्हणाली, "अहो, पडद्याचं सोडा. पोराची मान धरा." मी चादर सोडली.

दवाखाना आला तर मागचं दार उघडेना. पोरांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून सालोंगोनेच ते कुलूप लावून ठेवलं आहे. आतून कितीही ओढा, उघडतं ते बाहेरूनच. तो धावत आला, दार उघडलं. तुझ्या आईचे दोन्ही हात काटोखाली, पाय चादरीत गुरफटलेला. ती तोल जाऊन पुढे आली आणि त्याने तिला धरलं. मनगटाला, उघड्या हाताने. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं असेल. मग तो पोराला घेऊन आत पळाला.

नर्सने चिमट्याने रबर काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "घ्या आजोबा, टायर मिळालं, आता स्टेपनीची काळजी नाही." मला हसू आलं नाही. काटो मात्र लगेच टायर परत मागू लागला.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी तुझ्या आईच्या चहाच्या कपाकडे बघतो. कप हलत नाही. मी बघतो हे तिला कळतं. काल म्हणाली, "देवाने हात दिले ते पोर धरायला. तुम्ही चहा प्या, गार होतोय."

पण हलतात ते सालोंगोचे हात. परवा तो अंगणात बंद गाडीत एकटाच बसला होता, स्टेअरिंगवर हात ठेवून, आणि हात थरथरत होते. मला पाहून त्याने ते मांडीखाली दाबले. या आठवड्यात त्याने मसाका शहराची भाड्याची एकही फेरी केलेली नाही. इंजिन तापतं म्हणतो. इंजिनाला काही झालेलं नाही, मी मेकॅनिकला विचारलं. पोरांना बालवाडीला दोन खांद्यांवर घेऊन चालत नेतो, आणि लोकांना वाटतं, केवढा हौशी बाप. डॉक्टर म्हणाला, रोग नाही, भीती आहे. मला दोन्हींतला फरक कळत नाही. गाडी गेली तर घर कशावर चालणार, आणि तो गेला तर त्या पोरांचं काय?

मी समजावलं तर म्हणेल, सासरा धीर देतोय. तुझ्यावर त्याचा विश्वास आहे. म्हणून हे लिहिलं. लहानपणी खोटं बोललीस की मी तुला मारायचो, आणि आज मीच सांगतो आहे: हे वाचून झालं की फाडून टाक, आणि त्याला फोन कर. घाबरल्यासारखी बोलू नकोस, पोरांचं विचार, गाडीचं विचार. मग सहज सांग, बाबांनी नीट पाहिलं आहे, तू आईला धरलंस तेव्हा मध्ये चादर होती.

तुझाच बाप,
येकोयासी