तुरीचा भुसा

४ फेब्रुवारी
नव्या तुरीचं पहिलं पोतं आज मीच मशीनमध्ये ओतलं. मिल काढली तेव्हापासूनचा नेम आहे — आधी मालकाचे हात मळायचे. भुसा असा उडाला की समोरचा माणूस दिसेना. मशीनवाला तनवीर तोंडाला रुमाल बांधून उभा. म्हटलं, "काय बे, दरोडा टाकाले निघाला का?" सगळे खदखदून हसले. त्यानंही हसत रुमाल सोडला. माणसं अशी हसती ठेवावी लागतात.

७ फेब्रुवारी
मशीनच्या धडधडीतही मला खोकला ओळखू येतो. वच्छलाबाईचा. डाळ निवडणाऱ्या बायांत ती सगळ्यांत जुनी. म्हटलं, घरी आराम करा, रोजी देतो.
"नाही भाऊ. तुमी तापात बी येता, अन मी खोकल्यानं घरी बसू?"
ऐकून बरं वाटलं.

१० फेब्रुवारी
तिला जठारपेठेत डॉक्टरकडे नेलं. छातीत धूळ बसली म्हणे. तोंड झाकून काम करा, नाहीतर काम सोडा. बाहेर पायरीवरच बसली — "मले काढू नका भाऊ. घरात आता मले कोन हाय?"
काढत नाही म्हटलं. येताना सगळ्यांसाठी चांगले मास्क घेतले.

१३ फेब्रुवारी
एकाच्याही तोंडावर नाही! कोणाच्या गळ्यात, कोणाच्या खिशात. ओरडलो. वच्छलाबाई मान खाली घालून निवडत राहिली. तनवीर म्हणतो, "तुमचा कुठी हाय भाऊ?"
आता मी लावला तर माल हुंगणार कसा? या नाकावर मिल उभी केली.
कोणासाठी करायचं? सकाळी पहिला मी, कुलूप लावणारा मी. दिवसभर त्यांच्यात उभा, पोत्याला खांदा देतो, त्यांच्याच डब्यातलं खातो. अन एवढं साधं ऐकवत नाही.

१४ फेब्रुवारी
वच्छलाबाईचा खोकला वाढला. मन उडालं या लोकांवरून.
बाहेर फोनवर बोलून आत शिरलो की मशीनवर पाना वाजतो, दोनदा. रोजचंच झालं. नट ढिला होत असेल. तनवीरला सांगायला हवं.

१६ फेब्रुवारी
उद्या अमरावतीला पुतणीचं लग्न. मिल दिवसभर माझ्याविना. काय दिवे लावतात पाहू.

१७ फेब्रुवारी
जीव लागेना. अक्षता टाकल्या अन निघालो, दुपारीच मिलवर. दारातून पाहिलं — झाडून सगळ्यांच्या तोंडाला मास्क.
तनवीरची नजर माझ्यावर पडली. पाना वाजला, दोनदा.
एकेकानं मास्क खाली ओढला. सगळ्यांत आधी वच्छलाबाईनं.