न दुखलेला अंगठा

प्रिय बारक्या,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू ‘मी ठणठणीत आहे’ म्हणतोस आणि विषय बदलतोस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी माझं सांगते. दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुता धुता बावीस वर्षं माझे पाय ओल्या बुटांत गेले. उजव्या अंगठ्याचं नख पिवळं पडलं, मग जाड झालं, भुगा पडायला लागला. मी काय केलं? लाल रंग लावला! या वयात नटतेय म्हणून बरोबरच्या बायका हसल्या, मीही हसले. शुगर असलेल्या बाईने असं करू नये, हे कळत होतं, वळत नव्हतं. एका रविवारी तेच नख ब्लेडने तासत बसले. दुखलं काहीच नाही. मुलगी ओरडली, “आई, फरशीवर रक्त!” तेव्हा खाली पाहिलं. अंगठा चांगलाच चिरला होता आणि मला पत्ताच नव्हता. त्या रक्तापेक्षा न दुखण्याचीच मला जास्त भीती वाटली.

पायांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण जिभेला धार. मला डोळे मिटायला लावून तळपायाला एक ताठ दोरा टेकवत गेल्या. “लागलं की सांगा.” मी आपली वाट बघतेय, आणि दहापैकी चार जागी त्या दोरा टेकवून मोकळ्याही झाल्या होत्या! नखाचा तुकडा काढून तपासायला दिला, बुरशीच निघाली. “नख वाईट दिसतं हे सोडा,” म्हणाल्या, “त्याच्या कडेने कातडी फाटते, तिथून जंतू शिरतात आणि तुम्हाला कळतही नाही.” रक्त तपासून, यकृत ठीक आहे बघून मग गोळ्या दिल्या. तीन महिने घेतल्या. नवं नख गोगलगायीच्या चालीने येतंय, वर्ष लागेल म्हणतात. लागू दे. रोज बोटांच्या बेचक्या कोरड्या करते, तळव्याखाली आरसा धरून बघते, घरातसुद्धा अनवाणी पाऊल टाकत नाही. मुकादमाशी भांडून मापाचे, पाणी न शिरणारे बूट मिळवले. “बूट नाहीत तर चादरी नाहीत,” एवढंच म्हटलं.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते. अण्णांचा पाय गुडघ्याखाली कापला तेव्हा तू डॉक्टरांना शिव्या दिल्यास. चूक त्यांची नव्हती रे. अण्णांनाही शुगर होती, आणि आधीचे दोन महिने त्यांच्या टाचेची जखम मी धूत होते. “कुणाला बोलू नकोस, घाबरतील सगळे,” म्हणाले, आणि मी सोळा वर्षांची गुणी लेक गप्प बसले. वास यायला लागला तरी गप्प बसले.

आज दुपारी तुझ्या बायकोचा फोन आला. शुगर तुलाही आहे, आणि तू तिच्यासमोर मोजे काढत नाहीस, बुटात रक्ताचा डाग दिसला, आणि ताईला सांगायचं नाही म्हणून तिला शपथ घातलीस. तिने ती मोडली, शहाणी आहे. तिला एक शब्द बोललास तर गाठ माझ्याशी आहे. हे पत्र उद्या तुझ्या हाती पडेल. परवा सकाळी दहाला डॉक्टरीणबाईंकडे तुझी वेळ घेतली आहे, आणि साडेआठला मी तुझ्या दारात उभी असेन. रुसायचं असेल तर गाडीत बसून रुस.

मोठ्या आवाजाची, तुझीच
ताई