धोंड्याच्या जेवणाला व्हायोलिन आणू नये, याबद्दल

सावेडी, नगर
अधिक महिना, ऊन कडक

प्रिय रामहरीराव यांस, थोरल्या साडूचा सप्रेम नमस्कार.

तुमची, दिपालीची आणि सासूबाईंची प्रकृती ठीक असेल असं धरून चालतो, कारण ठीक नसती तर विजयमालेला फोन आला असता आणि मला तो भिंतीपलीकडून ऐकू आला असता. तुमच्या घशाची मात्र मुद्दाम चौकशी करतो. ऑपरेशनची खूण आता दिसतही नाही म्हणे. गाणं डॉक्टरांनी अजून बंदच ठेवलंय ना? वाईट वाटतं. (खरंच वाटतं. पुढचं वाचताना हे वाक्य विसरू नका.) फोन सोडून पत्र कशाला, असा प्रश्न पडेल. माझे आवाजी निरोप तुम्ही मोबाईलवर दुप्पट वेगाने ऐकता, असं दिपालीनं हसत हसत सांगितलं. ज्या माणसाने श्रीगोंद्याच्या भर चौकात पाऊस अंगावर घेत सभा धरून ठेवली, त्याचा आवाज तुम्ही खारीसारखा करून ऐकता! पत्राला तशी सोय नाही. हे तुम्हाला माझ्याच वेगाने वाचावं लागेल.

मुद्द्यावर येतो. परवा सासूबाईंचा फोन आला. अधिक महिना लागलाय, धोंड्याच्या जेवणाला या, एवढं सांगून त्या थांबतील अशी माझी समजूत होती. ह्या प्रथेविषयी माझी मतं तुम्हाला ठाऊक आहेत. दर तीन वर्षांनी जावयाला देव समजून पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे नि अनारसे खाऊ घालायचे, वर वाण द्यायचं, ही मुलीच्या माहेराला वाकवणारी सरंजामी रीत आहे, आणि हे मी सासरच्याच ओट्यावर उभा राहून, दर धोंड्याला, जेवण झाल्याबरोबर सप्रमाण सांगत आलो आहे. (जेवणाआधी सांगणं हा सासूबाईंच्या कष्टांचा अपमान झाला असता.) ते भाषण ऐकायला आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं येतात. किंवा अनारसे खायला येतात आणि भाषण ऐकतात. समाजप्रबोधनात असला बारीक भेद करत बसत नाहीत. तर सासूबाई म्हणाल्या, "सर, औंदा भाषान ऱ्हाऊ द्या. तुमी लई बोलता, जीव दमतो तुमचा. रामहरी त्यांचं तुनतुनं वाजवनार हायेत. तुमी आपलं निवांत बसून ऐका." मी म्हणालो, सासूबाई, ते तुणतुणं नाही, व्हायोलिन आहे. "व्हय, त्येच," त्या म्हणाल्या. बघा, म्हणजे तुमची बाजूसुद्धा माझ्याच तोंडून मांडली गेली.

मत्सरावर जगात जे जे लिहिलं गेलंय त्यातलं बरंचसं मी वाचलंय. त्यामुळे मला काय झालंय ते मला नीट ओळखता येतं. बरं करता येत नाही, एवढंच. वीसेक वर्षं आपली जोडी होती. तुम्ही अभंग गायचा, मी पेटी धरायची. तुम्ही श्वासाला थांबलात की ती मधली जागा माझी. लोक तुमच्या तोंडाकडे बघत, पण ती जागा भरली नाही तर गाणं खड्ड्यात जातं हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं. मग तुमचा घसा गेला. मला वाटलं, आपण दोघंही निवृत्त झालो. तुम्ही मात्र कारखान्याच्या ऑफिसातून सुटल्यावर गुपचूप व्हायोलिन शिकत राहिलात आणि तुमच्या ओंकारच्या लग्नात, हळदीच्या दुपारी, ते खोक्यातून बाहेर काढलंत. साथीला तंबोरा कुठला, तर मोबाईलमधला. तबला? तोही मोबाईलमधला. माझी हार्मोनियम सतरंजीच्या कडेला झाकणासकट बसली होती आणि तिच्या शेजारी मी, मीही झाकणासकट. तोच तुमचा जुना अभंग, फक्त शब्दांशिवाय. आमची विजयमाला पदराने डोळे पुसत होती. माझ्या भाषणाने ती आजवर एकदाच रडली आहे, आणि तेव्हा ती कांदे चिरत होती.

म्हणून मीही व्हायोलिन घेतलं. (कशातून घेतलं ते विजयमालेलाही सांगितलेलं नाही, तुम्हीही विचारू नका.) इथे सावेडीत संस्कृती नावाची एक मुलगी शिकवते. वयाने माझ्या शेवटच्या बॅचच्या विद्यार्थिनींएवढी, पण मी तिला मॅडमच म्हणतो. गुरूला वय नसतं यावर माझं एक स्वतंत्र व्याख्यान आहे. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, मला अगदीच कोरा समजू नका, माझा पेटीवर पक्का हात आहे. ती म्हणाली, "अरेरे."

हे 'अरेरे' मला पुढे कळलं. पेटीवर सूर तयार असतो. पट्टी दाबली की तो हजर, सरकारी शिपायापेक्षाही लवकर. व्हायोलिनवर पट्टी नाही, खूण नाही, काही नाही. नुसती काळी गुळगुळीत लाकडी वाट, आणि तिच्यावर गंधार कुठे राहतो ते ज्याचं त्याने शोधायचं. ज्याला संगीत मुळीच येत नाही तो सुखी. त्याला आपण चुकतोय हे कळत नाही. माझ्या कानाला सगळं कळतं, बोटांना काही कळत नाही. म्हणजे खटल्यात न्यायाधीशही मी आणि आरोपीही मीच, आणि दर सेकंदाला फाशी. त्यात हातांची अदलाबदल! पेटीवर सूर शोधतो तो उजवा हात. डाव्याने भाता मारायचा. व्हायोलिनवर उजव्याला गज देऊन करवत्या केलंय आणि सगळे सूर डाव्याच्या हवाली. आयुष्यभर मी सांगत आलो की राबणाऱ्या हातांत सत्ता द्या. ज्या हाताने तीस वर्षं नुसता वारा घातला, त्याच्या हाती एकदम राज्य आलं, रामहरीराव, आणि माझ्या निष्ठेची अशी परीक्षा कुठल्याच ग्रंथाने घेतली नव्हती.

आणखी एक गोष्ट तुम्ही मला सांगायला हवी होती. हे वाद्य हनुवटीखाली दाबून धरायचं असतं आणि ते धरलं की बोलता येत नाही. सकाळी वर्तमानपत्र वाचून माझ्या मनात जे उसळतं ते आता तासभर तिथेच उसळत राहतं. विजयमाला म्हणते, "वाजवा की अजून थोडं. मला काही त्रास नाही." लग्नानंतर माझ्या कुठल्याही उपक्रमाला तिने इतका पाठिंबा दिलेला नाही. शेजारच्या राधाकृष्णरावांचं उलट. त्यांच्या बोअरच्या मोटरीचं बेअरिंग गेलंय असा त्यांचा समज झाला. त्यांनी माणसं बोलावून मोटर वर ओढून काढली. मेकॅनिकने ती फिरवून पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली, आणि म्हणाला, "काका, हिला काय झालंच न्हाई. आवाज कुठून येतोय?" मी खिडकी लावून घेतली. सत्य बोलण्याचं धैर्य यावरही माझं व्याख्यान आहे, पण मोटर वर काढायला केवढा खर्च येतो ते माझ्यासमोर बोललं गेलं होतं.

शेवटी मी पेटीवाल्याच्या डोक्याने एक युक्ती काढली. विजयमालेचं टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि गळपट्टीवर जिथे जिथे सूर सापडला तिथे तिथे टिकली लावली. शुद्ध स्वरांना लाल, कोमलांना हिरव्या. व्हायोलिनची पेटी झाली! आता बोट टिकलीवर ठेवलं की गंधार. त्या बळावर मी इथल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत वाजवायचं कबूल केलं. तुमच्या आधी आपल्या कुटुंबात व्हायोलिनचा जाहीर कार्यक्रम मी करावा, एवढीच माफक इच्छा. त्या दुपारी व्हायोलिन खोक्यासकट स्कूटरवर उन्हात उभं होतं. टिकल्यांचा गोंद पातळ झाला आणि सगळ्या टिकल्या थोड्या थोड्या खुंट्यांकडे सरकल्या. मी वाजवायला बसलो. पहिल्याच स्वराला कान ओरडला, हा उतरलाय. डोळे म्हणाले, टिकलीवर बोट आहे. रामहरीराव, दुसऱ्यांनी लावलेल्या खुणांवर नाही, स्वतःच्या अनुभवावर विश्वास ठेवा, हे मी गावोगाव टेबल बडवून सांगितलंय. आणि मी त्या टिकल्यांवर विश्वास ठेवला. अख्खा अभंग, शेवटच्या चरणापर्यंत. अध्यक्ष सहादेवअण्णा पहिल्या ओळीनंतर माईकवर म्हणाले, "सर सूर जुळवत्यात, तवर चहा फिरवून घ्या." मी संपवलं तेव्हा कपही गोळा झाले होते. अण्णा म्हणाले, "जुळलं नसंल तर ऱ्हाऊ द्या सर, भाषानच करा."

मी उठलो आणि केलं. घाम पुसला, कपाळावरून हात फिरवला, आणि असा बोललो की विचारू नका! अंधश्रद्धा, देखावा, बायकांच्या कपाळावर लादलेली बंधनं, एकालाही सोडलं नाही. टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेतल्या बायका तर हसून हसून टाळ्या देत होत्या. ही दाद तुमच्या व्हायोलिनला कधी मिळणार नाही, असं मनाशी म्हणत घरी आलो. विजयमालेनं दार उघडलं, बघितलं आणि म्हणाली, "लाल शोभत न्हाई तुम्हाला." बोटाला चिकटलेला शुद्ध गंधार भाषणभर माझ्या कपाळावर होता.

असो. आता विनंती, आणि ती तत्त्वाची आहे. धोंड्याच्या जेवणाला व्हायोलिन आणू नका. ती ओट्यावरची जागा प्रबोधनाची आहे, करमणुकीची नव्हे. शिवाय श्रीगोंद्याच्या उन्हात वाद्याचं लाकूड तडकतं. शिवाय पुरणाचे हात. शिवाय तुमच्या प्रकृतीला दगदग नको. एवढी कारणं पुरेशी असावीत. नसतील तर कळवा, आणखी आहेत.

दिपालीस आशीर्वाद, सासूबाईंना दंडवत. त्यांच्या पायांची सूज उतरली का?

तुमचा, वयाने आणि मानाने थोरला,
कानिफनाथ

ता. क. आणायचंच असेल तर भाषणानंतर वाजवा. आधी नको. तुमच्यानंतर उभं राहून बोलायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत. हे मी दुसऱ्या कुठल्याही व्यासपीठावर कबूल करणार नाही.

आणखी ता. क. सासूबाईंकडे आपली जुनी पेटी आहे, तिचा भाता फाटला होता. तो शिवायला टाका असं मी त्यांना फोनवर सांगून ठेवलंय, सहज. तुम्ही व्हायोलिन कुठल्या पट्टीत लावता? हेही सहजच विचारतो. मोबाईलमधल्या तंबोऱ्याला तुम्ही श्वासाला कुठे थांबणार ते कळत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

रामहरीराव, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली दोन ओळी लिहिते. पट्टी कळवू नका, त्यांना पाठ आहे. ओंकारच्या लग्नातलं तुमचं रेकॉर्डिंग मी मोबाईलवर घेतलं होतं, ते लावून रोज दुपारी दार बंद करून त्याच्याबरोबर पेटी वाजवतात. तुम्ही थांबता तिथे बरोबर भरतात. त्या दिवशी लग्नात मी रडले ते तुम्ही वाजवलंत म्हणून नव्हे, हे शेजारी हातांची घडी घालून बसले होते म्हणून. व्हायोलिन नक्की आणा. आईला म्हणावं, पाच मिनिटं भाषण होऊ दे, नाहीतर ह्यांना पुरण पचत नाही. आणि दिपालीला सांगा, धोंड्याला मला साडी नको, टिकल्यांची दोन पाकिटं आणून ठेव. घरात एकही उरलेली नाही. – विजयमाला