वरची तर्री

शेवगाव, मंगळवार, संध्याकाळ

सदरासाठी इंग्रजीतल्या ‘रिच’ जेवणाला मराठी शब्द शोधत होतो. तुपाळ, चमचमीत, तर्रीदार. शेवटचा बरा वाटला. अंथरुणावरच्या आईला विचारलं, “तुझी तर्रीदार आमटी तुला कशी लागायची गं?”

“मला काय ठावं? तर्री तुमा गडीमानसांच्या वाटीत जायाची. आमी बाया तळाचं पानी खायाचो. लेखक झाला, पर येवढं दिसलं न्हाई व्हय रं?”

नाही दिसलं. इतकी वर्षं ती तर्री मीच ओरपली. आता तिला करून घालावी, तर डॉक्टरांनी तेल कायमचं बंद केलंय.

शब्द तसाच ठेवून लेख पाठवला. मग पेज भरवायला बसलो.

“घट्ट भात तुला काढून ठिव,” ती म्हणाली, “मला वरचं पानी दे.”